उबेचा हिशेब

वर्धा शहराला लागूनच सावंगी (मेघे) हे गाव आहे. वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की प्रथम आठवण होते ती तेथील उन्हाळ्याची. मे महिन्यात या भागातील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन पोहोचतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा प्रदेशात थंडी ती कसली, असे परक्या माणसास वाटणे साहजिक आहे. परंतु पौषातील पहाट ज्याने येथील शेतात काढली आहे, तो असे कधीही म्हणणार नाही. विदर्भ समुद्रापासून दूर आहे. समुद्रकाठी पाणी दिवसाची उष्णता साठवून ठेवते व रात्री ती सावकाश परत देते. तो आधार येथे नाही. शिवाय हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते, आणि सूर्य मावळताच जमीन आपली उष्णता उघड्या आकाशाकडे झपाट्याने सोडू लागते. वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी तापमान ३.५ अंश सेल्सिअस इतके खाली उतरले होते.

नेमक्या याच दिवसांत शेतात हरभरा आणि गहू उभा असतो. रानडुकरे व रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेतकऱ्यास रात्री जागलीस जावे लागते. मचाणावर किंवा बांधावरच्या खोपीत त्याची रात्र जाते. त्याच्या सोबतीला काय असते? एक घोंगडी, एखादी गोधडी, खाली अंथरलेला कडबा, आणि थोड्या अंतरावर पेटलेली शेकोटी. दुसरीकडे, शहरातील गिर्यारोहक थंड डोंगरावर मुक्कामास जाताना स्लीपिंग बॅग नावाची निजावयाची पिशवी पाठीवर नेतो. एकाचे पांघरूण घरी शिवलेले, दुसऱ्याचे कारखान्यात तयार झालेले. परंतु दोघांपुढील प्रश्न एकच असतो. या पांघरुणात खरोखर ऊब किती आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक चूक दूर करणे आवश्यक आहे. ‘ही रजई फार गरम आहे’ असे आपण सहज बोलून जातो. पण रिकाम्या खोलीत रात्रभर पसरून ठेवलेल्या रजईत पहाटे हात घातला, तर ती खोलीतील इतर वस्तूंइतकीच थंड लागते. तिच्यात विस्तव नाही, की उष्णता निर्माण करणारे दुसरे कोणतेही साधन नाही. याहूनही मजेदार पुरावा उन्हाळ्यात मिळतो. बर्फ विकणारा आपली बर्फाची लादी लाकडाच्या भुशात ठेवतो आणि वरून गोणपाट किंवा जाड कांबळे गुंडाळतो. कांबळ्यात जर स्वतःची उष्णता असती, तर बर्फ लवकर वितळला असता. प्रत्यक्षात तो उघड्यावरील बर्फापेक्षा कितीतरी अधिक वेळ टिकतो. जे कांबळे हिवाळ्यात माणसाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तेच उन्हाळ्यात बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोहोचू देत नाही. पांघरूण ही चूल नव्हे. ते उष्णतेच्या वाटेवर घातलेले कुंपण होय.

मग चूल कोठे आहे? ती माणसाच्या शरीरात आहे. खाल्लेल्या अन्नापासून शरीर अहोरात्र उष्णता निर्माण करीत असते. शांत झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे जुन्या पद्धतीचा विजेचा एक मध्यम दिवा जितकी उष्णता देतो, साधारण तितकीच. शरीराच्या आतील भागाचे तापमान मात्र सुमारे ३७ अंशांवर स्थिर राहावे लागते. उष्णतेची ही मिळकत आणि बाहेर जाणारा खर्च यांचा मेळ बसला, की माणसास सुखाने झोप लागते. खर्च वाढला की शरीर कुडकुडू लागते. कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी चालविलेली धावपळ होय. तिच्यामुळे थोडी अधिक उष्णता निर्माण होते. परंतु कुडकुडत कोणास झोप येत नाही, आणि ही धावपळ फार काळ चालतही नाही.

उष्णतेचा हा खर्च चार वाटांनी होतो. थंड जमिनीला अंग टेकले की उष्णता सरळ जमिनीत जाते, हे वहन. अंगाभोवतीची ऊन हवा वाऱ्याने निघून जाते व तिच्या जागी थंड हवा येते, हे अभिसरण. उघड्या अंगाची उष्णता कोणत्याही आधाराशिवाय आकाशाकडे निघून जाते, हे प्रारण. घाम किंवा ओले कपडे वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातात, हे बाष्पीभवन. चांगल्या पांघरुणाला या चारही वाटांवर पहारा करावा लागतो.

हा पहारा प्रत्यक्षात करतो कोण? कापूस, लोकर किंवा पिसे, असे उत्तर कोणीही देईल. पण ते अर्धेच खरे आहे. खरा पहारेकरी आहे हवा. स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पण हवा स्थिर राहात नाही, हीच अडचण असते. ती ऊन झाली की वर जाते, आणि वारा तिला कोठेही घेऊन जातो. कापसाचे, लोकरीचे किंवा पिसांचे असंख्य तंतू तिला लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवतात. तंतूंचे काम इतकेच की, हवेला हलू देऊ नये.

वर्धा जिल्हा हा कापसाचा प्रदेश आहे. हिंगणघाटचा कापूस एके काळी दूरच्या बाजारांतही नावाजलेला होता. त्यामुळे या गोष्टीचा दाखला येथील घरांत सहज सापडतो. रजई नवी असते तेव्हा ती फुगलेली व ऊबदार असते. चार-पाच हिवाळे वापरल्यावर तिच्यातील कापूस दबतो, त्याचे गठ्ठे होतात आणि रजई चपटी पडते. तिचे वजन कमी झालेले नसते, कापूस तोच असतो. तरीही तिच्यात पूर्वीची ऊब राहात नाही. पूर्वी अशा वेळी दारावर पिंजारी येत असे. तो आपल्या धनुकलीच्या तातीवर तो दबलेला कापूस पिंजून मोकळा करी. आता हे काम बहुधा यंत्रावर होते. पिंजलेला कापूस पुन्हा भरला की तीच रजई दुप्पट फुगते आणि पुन्हा ऊब देऊ लागते. पिंजाऱ्याने तिच्यात कापसाची भर घातलेली नसते. त्याने भरलेली असते ती हवा. म्हणून पांघरुणाची ऊब त्याच्या वजनावरून ओळखू नये. ते किती फुगते यावरून ओळखावी.

स्लीपिंग बॅगची रचना याच तत्त्वावर झाली आहे. १८७६ मध्ये वेल्समधील प्राइस प्राइस-जोन्स या व्यापाऱ्याने घडी घालून गुंडाळता येणाऱ्या लोकरी पांघरुणाचे पेटंट घेतले. आजच्या स्लीपिंग बॅगच्या पूर्वजांत त्याची गणना होते. पुढे ध्रुवप्रदेशात जाणाऱ्या संशोधकांनी रेनडिअरच्या केसाळ कातड्याच्या पिशव्या वापरल्या. आजच्या उत्तम पिशव्यांत बदकांची किंवा हंसांची मऊ पिसे भरलेली असतात. इतर पिशव्यांत कृत्रिम धाग्यांचे पोल असते. पिसांची प्रत ती किती फुगतात यावरून ठरते. अत्यंत उत्तम प्रतीची एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसे मोकळी सोडली, तर ती ८०० घनइंच, म्हणजे सुमारे १३ लिटर जागा व्यापतात. मूठभर वजनाच्या पिसांनी घागरभर हवा कोंडून धरावी, असाच हा प्रकार आहे. पिशवी पायाकडे निमुळती असते, कारण आतील जागा जितकी कमी, तितकी ती ऊन करण्यास शरीराला कमी उष्णता लागते. डोक्यासाठी तिला टोपडे असते आणि खांद्याजवळ दोरी आवळता येते, कारण आतील ऊन हवा गळ्याच्या वाटेने निसटून जाण्याचा संभव असतो.

अशा पिशवीवर बहुधा एक लेबल असते व त्यावर अंशांत काही आकडे छापलेले असतात. ‘ही पिशवी शून्य अंशाची आहे’ असे दुकानदार सांगतो. घेणाऱ्याची समजूत होते की, शून्य अंशाच्या थंडीतही या पिशवीत घरच्यासारखी झोप लागेल. या समजुतीने पुष्कळांच्या रात्री जागून गेल्या आहेत. त्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

पूर्वी प्रत्येक कारखानदार आपल्या अंदाजाने आकडा छापत असे. युरोपात २००५ सालापासून मोजणीची एक समान पद्धत लागू झाली, आणि २०१६ मध्ये आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. या पद्धतीत एका थंड खोलीत माणसाच्या आकाराचा पुतळा पिशवीत निजवितात. त्याला अंगाबरोबरचे पातळ कपडे व मोजे घातलेले असतात आणि खाली चटई असते. पुतळ्याला विजेने माणसाच्या अंगाइतके ऊन ठेवतात. तो तसा राहावा म्हणून किती वीज लागते, हे मोजले की पिशवी उष्णतेला किती अडविते ते कळते. या मापावरून गणित करून तीन आकडे काढतात.

पहिला आकडा आरामाचा. या तापमानापर्यंत सुमारे ६० किलो वजनाची सामान्य प्रौढ स्त्री सैल अंगाने, थंडी न वाजता झोपू शकेल, असे मानतात. दुसरा आकडा मर्यादेचा. या तापमानास सुमारे ७० किलो वजनाचा पुरुष अंग आखडून घेऊन आठ तास कशीबशी झोप काढू शकेल. तिसरा आकडा आत्यंतिक थंडीचा. या तापमानास माणसाला झोप लागेल असे नव्हेच. सहा तास कुडकुडत का होईना, पण जीव वाचेल, एवढाच त्याचा अर्थ. त्या थंडीत शरीरास इजा होण्याचा धोका असतोच. उदाहरणार्थ, एखाद्या पिशवीवर आराम ५ अंश, मर्यादा ० अंश आणि आत्यंतिक उणे १५ अंश असे आकडे असू शकतात. त्यांतील शेवटचा आकडा पाहून जो उणे १० अंशांच्या थंडीत जाईल, तो झोपेसाठी नव्हे तर जिवासाठी झगडत रात्र काढील. जाणते गिर्यारोहक म्हणूनच आरामाचा आकडा पाहतात, आणि अपेक्षित थंडीपेक्षा तो आणखी काही अंश खाली असेल अशी पिशवी निवडतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे सर्व आकडे प्रौढ माणसांसाठी आहेत. लहान मुलाचे वजन कमी असते, पण वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग अधिक असतो. मोठ्या घागरीतील ऊन पाण्यापेक्षा लहान वाटीतील ऊन पाणी लवकर निवते, त्याचप्रमाणे मुलाचे अंगही लवकर निवते. म्हणून वडील माणसास पुरेसे वाटणारे पांघरूण मुलास पुरेल, असे गृहीत धरता येत नाही. थकलेला, उपाशी किंवा आजारी मनुष्यही लेबलावरील माणसाइतकी उष्णता निर्माण करू शकत नाही.

लेबलावर न छापलेला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओल. पाणी हे स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. पिसे भिजली की ती एकमेकांस चिकटतात, हवेचे कप्पे नाहीसे होतात आणि महागडी पिशवी ओल्या चिंधीच्या मोलाची ठरते. कापसाचीही तीच गत होते. लोकरीचे तसे नाही. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेतो, तरी त्याचा कुरळेपणा बराचसा टिकून राहतो. पावसात व दवात मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराने पिढ्यान्‌पिढ्या घोंगडीच खांद्यावर का घेतली, याचे एक कारण येथे सापडते.

ओल काय करू शकते, याचे विलक्षण उदाहरण दक्षिण ध्रुवप्रदेशात घडले. कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे २७ जून १९११ रोजी एम्परर पेंग्विन पक्ष्यांची अंडी आणण्यास निघाले. त्या भागात जून हा ऐन हिवाळ्याचा महिना. सूर्य उगवतच नसे. वाटेत तापमान उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत गेले. त्यांच्या पिशव्या रेनडिअरच्या कातड्याच्या होत्या. रात्री श्वासातील वाफ आणि अंगातील घाम पिशवीतच राही व गोठून त्याचा बर्फ होई. पिशव्या लाकडासारख्या ताठ झाल्या. त्यांत शिरण्यास बराच वेळ झगडावे लागे. चेरी-गॅरार्डची पिशवी निघताना सुमारे ८ किलो वजनाची होती. पाच आठवड्यांनी परत आल्यावर ती २० किलोंहून जड झाली होती. वाढलेले वजन होते बर्फाचे. तिघेही तीन अंडी घेऊन जिवंत परतले, पण पिशवीच्या तोंडात तोंड खुपसून श्वास सोडू नये आणि घामेजलेल्या कपड्यांनी पिशवीत शिरू नये, हा धडा त्यांच्या अनुभवातून जगास मिळाला.

दुसरा लपलेला शत्रू जमीन होय. पिशवीत किंवा रजईत निजल्यावर अंगावरील भाग फुगलेला राहतो, परंतु अंगाखालील भाग शरीराच्या वजनाने दबून जातो. त्यातील हवा निघून जाते आणि तेथील कुंपण मोडते. म्हणूनच गिर्यारोहक पिशवीखाली कॅरीमॅट अंथरतात. जागलीस जाणारा शेतकरी कडब्याचा थर अंथरतो, तोही याच कारणाने. कडब्याचे ताट आतून भुसभुशीत असते व ताटांमध्ये पुष्कळ हवा राहते. शिवाय ते अंगाच्या भाराने सहसा चपटे होत नाही. दोन पांघरुणे जवळ असली आणि खाली अंथरावयास काही नसले, तर दोन्ही अंगावर घेण्यापेक्षा एक खाली घालणेच शहाणपणाचे ठरते.

आता समजा, सावंगी (मेघे) येथील तीन विद्यार्थी डिसेंबर महिन्यात चिखलदऱ्यास मुक्कामासाठी निघाले आहेत. चिखलदरा वर्ध्यापेक्षा सुमारे ८०० मीटर अधिक उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीस तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. तेव्हा वर्ध्यापेक्षा तेथे पाच अंशांनी अधिक थंडी धरून चालावे. पहिल्याजवळ ‘शून्य अंश’ असे लेबल असलेली नवी स्लीपिंग बॅग आहे. दुसऱ्याजवळ आजीने जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून शिवलेली गोधडी आहे. तिसऱ्याजवळ लोकरीची घोंगडी आहे. तिघांत सुखाची झोप कोणास लागेल?

पहिल्याचे साधन सर्वांत चांगले आहे, यात शंका नाही. परंतु तो दिवसभर खेळून घामाने भिजलेल्या कपड्यांनीच पिशवीत शिरला, जेवणही त्याने टाळले, आणि पिशवी उघड्या फरशीवर पसरली. शिवाय घरी ती महिनोन्‌महिने घट्ट गुंडाळून ठेवलेली होती, आणि ती झटकून फुगविण्याचे त्यास सुचले नाही. दुसऱ्याने कोरडे कपडे घातले, कानटोपी व मोजे चढविले, पोटभर भाकरी व पिठले खाल्ले आणि गोधडीखाली जाड सतरंजी अंथरली. तिसऱ्याने त्याच्याशेजारी आपले अंथरूण घातले, आणि दोघांनी गोधडीवर घोंगडी पसरून घेतली. घोंगडीने वारा व दव अडविले, गोधडीच्या थरांत हवा कोंडली, आणि एका चुलीऐवजी दोन चुलींची उष्णता एका पांघरुणात जमा झाली. पहाटे चार वाजता जागा असेल तो पहिलाच. त्याच्या पिशवीचे लेबल खोटे नव्हते. पण लेबल ज्या अटींवर दिलेले असते, त्यांतील एकही अट त्याने पाळली नव्हती.

मुक्कामाची जागाही विचार करून निवडावी लागते. थंड हवा जड असते. ती पाण्याप्रमाणे उताराने वाहून खोलगट जागी साचते. नाल्याकाठच्या खोलगट शेतात उंचावरच्या शेतापेक्षा पहाटे अधिक गारठा असतो, हे शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक असते. म्हणून नाल्याच्या तळाशी तंबू ठोकू नये, तसाच तो वाऱ्याच्या तोंडावर उघड्या कड्यावरही ठोकू नये. झाडाखाली किंवा छपराखाली निजल्यास उघड्या आकाशाकडे जाणारी उष्णता अडते.

थंडीचा हा विचार केवळ आरामासाठी नव्हे. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली उतरले की माणूस धोक्यात येतो. प्रथम तो जोराने कुडकुडतो, मग त्याची बोबडी वळते, हातापायांचा ताल चुकतो व त्यास काही सुधरेनासे होते. पुढे कुडकुडणे थांबते. पाहणाऱ्यास वाटते की, याची थंडी गेली. वास्तविक शरीराची चूल विझू लागल्याची ती खूण असते. अशा माणसाचे ओले कपडे काढावेत, त्यास कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, खालीही पांघरूण घालावे, शुद्धीवर असल्यास ऊन व गोड पेय द्यावे, आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. त्याचे हातपाय जोराने चोळू नयेत व त्यास मद्य तर मुळीच देऊ नये. मद्याने कातडी ऊन लागते, पण शरीराच्या आतील उष्णता त्यामुळे अधिकच वेगाने बाहेर जाते.

थंडीच्या भीतीने लोक याहून मोठी चूक करून बसतात. बंद खोलीत किंवा तंबूत जळत्या कोळशाची शेगडी ठेवून ते निजतात. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाही. भारतात हिवाळ्यामध्ये अशा शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या वाचावयास मिळतात. शेकोटी उघड्यावरच असावी, आणि निजताना ती विझवावी.

थंडीची सवय नसलेल्या प्रदेशातील माणूस थंडीशी सामना करू शकत नाही, असे मात्र नाही. सावंगीच्या दक्षिणेस असलेला चंद्रपूर जिल्हा देशातील अत्यंत उष्ण भागांत मोडतो. याच जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये जगातील सर्वोच्च शिखर एव्हरेस्ट सर केले. उन्हाच्या प्रदेशात वाढलेली ही मुले बर्फात टिकली, ती पूर्वतयारीच्या बळावर.

पांघरुणाची ऊब ही अशी अनेकांच्या सहकार्याने तयार होते. अन्न शरीराला उष्णता देते, शरीर ती पांघरुणाला देते, पांघरूण ती हवेच्या कप्प्यांत राखून ठेवते, आणि कोरडेपणा त्या कप्प्यांचे रक्षण करतो. या साखळीतील एक कडी तुटली, तरी बाकीच्या कड्यांचा उपयोग होत नाही. ज्याच्या पोटात पुरेसे अन्न नाही आणि ज्याच्या अंगाखाली ओली जमीन आहे, त्यास वरून दिलेली एक चादर पुरत नाही. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेस किंवा ऊसतोडीच्या फडावर निजणाऱ्या माणसांस मदत करू इच्छिणाऱ्याने पांघरुणाबरोबर जाड अंथरूण आणि गरम जेवण यांचाही विचार करावा, तो याच कारणाने. उबेचा हिशेब ज्यास कळला, त्यास दुसऱ्याच्या थंडीचाही हिशेब कळतो.

स्वाध्याय

१. ‘पांघरूण ही चूल नव्हे’ हे विधान बर्फाच्या लादीच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.

२. कापूस पिंजल्यावर जुनी रजई पुन्हा ऊबदार का होते?

३. स्लीपिंग बॅगवरील तीन आकड्यांचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा. निवड करताना कोणता आकडा पाहावा व का?

४. पहिल्या विद्यार्थ्याच्या हातून कोणत्या चुका झाल्या, त्यांची यादी करा. प्रत्येक चुकीने उष्णतेची कोणती वाट मोकळी झाली, ते सांगा.

५. करून पाहा : सारख्या आकाराच्या दोन तांब्यांत वडील माणसांच्या मदतीने सारखेच गरम पाणी भरा व त्यांवर झाकण ठेवा. एका तांब्याभोवती मोकळा केलेला कापूस ठेवून फडके सैल गुंडाळा. दुसऱ्याभोवती तितक्याच वजनाचा कापूस दोरीने घट्ट आवळून बांधा. अर्ध्या तासाने तापमापकाने दोन्ही तांब्यांतील पाण्याचे तापमान मोजा, आणि दिसलेल्या फरकाचे कारण लिहा.

६. आपल्या घरातील वडील माणसांस विचारून, पूर्वी थंडीपासून बचाव करण्यासाठी काय काय वापरीत असत, याविषयी दहा ओळी लिहा.